एकतीस मिलिलिटर

पेट्रोलच्या कॉकची पितळी दांडी आडवी होती.

दांडी जेमतेम तीन सेंटिमीटरची. मोटरसायकलच्या टाकीच्या डाव्या बाजूला, खालच्या अंगाला. उभी असली की पेट्रोल चालू, आडवी असली की बंद. निघताना अ‍ॅव्हरिलने ती स्वतःच्या हाताने उभी केली होती. आता ती आडवी होती, अर्धवट नव्हे, पूर्ण नव्वद अंशात, आणि गाडी रस्त्याच्या कडेला मरून पडली होती.

हे खरं घडलेलं आहे.

जिच्या बाबतीत घडलं ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, अजूनही शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना ती जवळ उभं करत नाही. ही रात्रीची गोष्टही नाही. गेल्या ऑक्टोबरातला दुसरा गुरुवार, संध्याकाळचे पाच वाजून चौदा मिनिटं. हॅल्सी ड्रोव हा रस्ता. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला काढून झालेल्या कोबीची शेतं, कुजक्या पानांचा वास. ऊन अजून होतं. तीन मैलांवरचा चर्चचा मनोराही स्पष्ट दिसत होता.

लपायला कुणाला जागाच नव्हती.

अ‍ॅव्हरिलने दांडी उभी केली. थोडी थांबली. किक मारली.

गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

"मूर्ख," ती म्हणाली. नक्की कुणाला, ते तिलाही माहीत नव्हतं.

गाडी तिच्या नवऱ्याची होती. लायनेलची. साडेतीनशे सीसी, एकच सिलिंडर, अ‍ॅव्हरिलपेक्षा वयाने मोठी. लायनेल दीड वर्षापूर्वी एप्रिलमध्ये गेला. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली राहिली, आणि लायनेल गरम पाण्याच्या टाकीवरच्या कपाटात, टॉवेलांच्या शेजारी, दहनगृहाने दिलेल्या हिरव्या प्लॅस्टिकच्या डब्यात.

मुलगी दर रविवारी फोन करायची.

"आई, बाबांना कपाटात किती दिवस ठेवणारेस?"

"तिथे कोरडं असतं, फिलिपा."

"विनोद नकोय मला. काहीतरी ठरव. एवढंच."

ठरवणं तेवढंच होतं आणि तेच तिच्याकडून होत नव्हतं. दफनभूमीत जागा घ्यायची? बागेत पुरायचं? प्रत्येक जागेचा ती विचार करायची आणि प्रत्येक जागा चुकीची वाटायची. का चुकीची, ते सांगता येत नव्हतं. ज्या गोष्टीचं कारण देता येत नाही ती गोष्ट तिला चीड आणायची.

मग ट्रेव्हरने तोडगा काढला. ट्रेव्हर म्हणजे जुन्या गाड्यांच्या क्लबचा सेक्रेटरी. दर गुरुवारी ही मंडळी पबमागच्या खोलीत जमायची आणि एकमेकांना तेच तेच सांगायची. त्याचं म्हणणं, सगळ्या क्लबने मिळून लायनेलला समुद्रावर न्यायचं. त्याच्याच गाडीवरून. तिथे वाऱ्यावर सोडायचं.

"गाडी धड चालू दे," अ‍ॅव्हरिल म्हणाली. "मग ठरवते."

तिला वाटलं होतं, यात वर्ष सहज निघेल. पण गाडी दोन दिवसांत सुरू झाली. चालायलाही लागली.

फक्त एका ठिकाणी बंद पडू लागली.

ऑक्टोबरातल्या पहिल्या गुरुवारी गाडी ट्रेव्हर चालवत होता आणि अ‍ॅव्हरिल मोटारीतून मागे होती. शेडपासून पबपर्यंत हॅल्सी ड्रोवने सात मैल. पाचव्या मैलाच्या थोडं पुढे गाडी खोकली, दोन आचके दिले आणि घरंगळत जाऊन एका फाटकासमोर थांबली. पांढरं लाकडी फाटक, आत विटांची बैठी बंगली, खिडकीत पडदा.

"प्लग," ट्रेव्हर म्हणाला, आणि प्लग बदलला. वीस जागी हात लावून पाहिले, कॉकही दोनदा खालीवर केला. गाडी सुरू झाली. "बघितलंस? प्लगच होता."

"प्लग गेला असता तर गाडी झटकन बंद पडली असती," अ‍ॅव्हरिल म्हणाली. "ही हळूहळू मेली. आधी खोकली. हे पेट्रोल संपल्याचं लक्षण आहे."

"टाकी अर्धी भरलीय, मास्तरीणबाई."

"टाकी भरलीय. कार्ब्युरेटर भरला होता का?"

ट्रेव्हरने तिच्याकडे, वर्गातली मागच्या बाकावरची मुलं बघतात तसं बघितलं. मग त्याने आठवडाभरात कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली, मॅग्नेटोचे पॉइंट घासले आणि टाकीच्या झाकणाचं भोक सुईने साफ केलं. सगळं एकाच वेळी. एकावेळी चार गोष्टी बदलणाऱ्या माणसाला पाचवी गोष्ट कधीच सापडत नाही, हे ती चौदा वर्षांच्या पोरांना शिकवायची. साठीच्या माणसाला काय शिकवणार.

तिने वही काढली.

रविवारी तीच गाडी, तोच रस्ता, तोच वेग. बंद पडली नाही.

मंगळवारी तेच. फाटकावरून गाडी सुरळीत पुढे गेली.

"कंडेन्सर होता," ट्रेव्हरने फोनवर सांगितलं. "मी म्हटलंच होतं."

"तू प्लग म्हटला होतास."

मग दुसरा गुरुवार आला. सुरुवातीला सांगितला तो. त्या दिवशी गाडी ती स्वतः चालवत होती.

पाच वाजून चौदा मिनिटं. तेच फाटक.

आणि दांडी आडवी.

शनिवारी तिने शेडमध्ये गाडी स्टँडवर लावली आणि दोन तास चालू ठेवली. हातोडीच्या लाकडी मुठीने टाकीला ठोके दिले. कॉकची दांडी इतकी घट्ट होती की हलवायला अंगठा आणि दोन बोटं लागत. दोन तासांत ती केसभर हलली नाही.

"कंपनानं सरकत असेल," ट्रेव्हर दारात चहाचा मग घेऊन उभा होता.

"फक्त गुरुवारी कंपतं का?"

"योगायोग असतो, अ‍ॅव्हरिल."

"असतो. म्हणून मोजायचं असतं."

तिने कॉक बंद केला. कार्ब्युरेटरमध्ये आणि नळीत उरलेलं पेट्रोल मोजनळीत काढलं.

एकतीस मिलिलिटर.

गाडी लिटरला सव्वीस किलोमीटर जायची. म्हणजे एकतीस मिलिलिटरमध्ये साधारण आठशे मीटर. गाडी फाटकाशी मरत असेल तर कॉक त्याच्या आठशे मीटर आधी बंद होत असणार.

ती मोटार घेऊन गेली. फाटकापासून मागे आठशे मीटर मोजले.

तिथे बंद पडलेलं मेथडिस्ट चॅपेल होतं, एक छोटं प्रार्थनाघर. बाकी काही नाही.

परतताना तिने वाटेत मोटार थांबवली. चॅपेलमुळे नव्हे. तिला लायनेलची खोड आठवली होती.

जुन्या गाड्यांची माणसं घर जवळ आलं की चालत्या गाडीवरच कॉक बंद करतात. गाडी उभी असताना कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साचून डिंकासारखं होऊ नये म्हणून. लायनेलने त्याचं शास्त्रच केलं होतं. गावाबाहेरच्या धान्याच्या गोदामापाशी तो डावा हात खाली घालायचा. तिथून उरलेलं पेट्रोल संपत संपत इंजिन बरोबर घराच्या फाटकाशी मरायचं. मग आवाज न करता गाडी शेडमध्ये घरंगळायची. अ‍ॅव्हरिल ते मरणं ऐकायची आणि किटली लावायची. आयुष्यात एवढी अचूकता त्याने दुसऱ्या कुठल्याच गोष्टीला दाखवली नाही. लग्नाचा वाढदिवससुद्धा दर वर्षी एक दिवस चुकायचा.

गोदामापाशी कॉक बंद करायचा तो आपल्या घरी पोचण्यासाठी.

मग चॅपेलपाशी कुणाच्या घरी?

तिने ट्रेव्हरला सरळ विचारलं. "गुरुवारी लायनेल क्लबला किती वाजता यायचा?"

"लायनेल? साडेपाचच्या आत कधीच नाही. आम्ही म्हणायचो, बायको सोडत नाही."

"तो घरून पाचला निघायचा. सात मैल. वीस मिनिटांचा रस्ता."

ट्रेव्हरने बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "जाऊ दे ना. आता काय करायचंय."

त्याच्या आवाजातली दया तिला किळसवाणी वाटली. त्याच्या मनात काय आलं ते तिला कळलं होतं, कारण तिच्याही मनात तेच आलं होतं. फाटकामागे एखादी बाई असणार, असं. इतकं साधं, इतकं स्वस्त कारण. लायनेलची तेवढीही कल्पनाशक्ती असेल असं तिला वाटत नव्हतं.

तिसरा गुरुवार.

तिने तांब्याची तार घेतली. दांडी उभी ठेवून तारेचे बारा वेढे दिले आणि टोक पक्कडीने पिळलं. वहीत लिहिलं. पाचला निघाली.

चॅपेल लांबून दिसायला लागलं तेव्हा तिने डावा हातमोजा दातांनी ओढून काढला आणि तळवा कॉकवर ठेवला. रस्ता सरळ होता. मागेपुढे कुणी नव्हतं. तार तिला तळव्याखाली टोचत होती.

पुढचं सांगताना ती आवाज चढवत नाही. फक्त डावा हात टेबलाखाली घेते.

चॅपेलचा फलक शेजारून गेला...

तारेचं पिळलेलं टोक हललं.

सरळ झालं.

मग वेढे सुटायला लागले. एक. मग दुसरा. तार तिच्या बोटांच्या फटींतून वळसे घेत बाहेर निघत होती. तिने मूठ आवळली. काही फरक पडला नाही. बारावा वेढा सुटला आणि तार रस्त्यावर पडली.

मग दांडी फिरली.

तिच्या तळव्याखाली. जोर लावून नव्हे, घाईने नव्हे. नेहमीचं काम करावं तशी... सवयीने.

इंजिन चालू होतं. आठशे मीटर. तिला दांडी परत उभी करता आली असती. तिने केली नाही. याचं कारणही तिला आजतागायत देता आलेलं नाही.

गाडी खोकली. दोन आचके. फाटकासमोर थांबली.

पाच वाजून चौदा.

आणि या वेळी बंगलीचं दार उघडलं.

बाई नव्हती. एक म्हातारा होता. उंच, वाकलेला, पायात कापडी सपाता, हातात चहाची कपबशी. फाटकाच्या चार पावलं आत येऊन तो थांबला आणि रस्त्याकडे न बघता, फाटकाच्या खांबाकडे बघत म्हणाला,

"कार्ब्युरेटर साफ कर की एकदा, गाढवा."

अ‍ॅव्हरिलने हेल्मेट काढलं.

म्हाताऱ्याने वर पाहिलं. कपातला चहा बशीत सांडला.

तेहतीस वर्षांपूर्वी तिने त्याला एकदाच पाहिलं होतं, स्वतःच्या लग्नात. तेव्हा त्याचे केस काळे होते. विल्फ. लायनेलचा थोरला भाऊ. तो कालव्याच्या पलीकडे कुठेतरी राहतो एवढंच तिला माहीत होतं, आणि त्याचं नाव घरात काढायचं नाही, हे.

"तू त्याची बायको," विल्फ म्हणाला.

"हो."

"तो कुठाय? गाडी तुला चालवायला लावतो?"

ती गाडीवरून उतरली. म्हाताऱ्याला बोलायचं होतं. बहुधा बरीच वर्षं.

"आमच्या वडिलांची गाडी ती. माझ्याकडे होती. खोलून ठेवली होती मी, सोळा खोक्यांत. आज ना उद्या जोडणारच होतो. एक दिवस मी बाजारात गेलो नि हा सगळी खोकी उचलून घेऊन गेला. मी त्याला सांगितलं, ती गाडी घेऊन माझ्या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही."

"कधीची गोष्ट?"

"तीस वर्षं झाली."

"आणि तो इथे..."

"दर गुरुवारी. चॅपेलपाशी पेट्रोल बंद करायचा. इथे येऊन इंजिन मरायचं. दहा मिनिटं उभा राहायचा. मग किक मारून जायचा."

"आत नाही आला?"

"मी सांगितलं होतं ना."

"आणि तुम्ही बाहेर नाही आलात?"

"मी चहा प्यायचो. त्या खिडकीत."

"तीस वर्षं."

"तो आला असता तर मी काय हाकललं असतं? फाटकाला कडीसुद्धा नाही. केव्हाच गंजून पडली."

"हे त्याला सांगितलंत कधी?"

"त्यानं विचारलं नाही."

अ‍ॅव्हरिलने दोन्ही खांबांमधल्या फाटकाकडे बघितलं. वाऱ्याने ते बोटभर हलत होतं. तिला हसू आलं नाही. आयुष्यभर ती मूर्खपणा तपासत आली होती, वह्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे. पण दोन धडधाकट माणसांनी तीस वर्षं नियमितपणे, वेळ चुकू न देता केलेला इतका मूर्खपणा तिच्या पाहण्यात नव्हता.

"मग आज बाहेर कसे आलात?" तिने विचारलं.

विल्फने बशीतला चहा गवतावर ओतला.

"किक ऐकू येत नाही म्हणून."

"म्हणजे?"

"हल्ली तो किक मारत नाही. इंजिन मरतं ते ऐकू येतं. मग मी थांबतो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. किक येतच नाही. पडदा सारून बघतो तर रस्ता मोकळा. मला वाटायचं, गाडी दमली असेल, ढकलत नेतो. गेले दोन गुरुवार तेवढी किक परत ऐकू आली. म्हटलं आज सांगूच त्याला."

अ‍ॅव्हरिलला कोबीचा वास अचानक फार जवळून आल्यासारखा वाटला.

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

"झालं की दीड वर्ष. वसंतापासून. गेल्या वर्षीच्या."

"दर गुरुवारी?"

"एकही चुकला नाही. बर्फ पडला तेव्हासुद्धा आला."

गाडी दीड वर्ष ताडपत्रीखाली होती. टाकी कोरडी होती. मागच्या चाकात कोळ्याने जाळं केलं होतं, ते तिने स्वतः सप्टेंबरात झाडूने काढलं होतं. वहीच्या पहिल्या पानावर तारीख होती.

"विल्फ," ती म्हणाली, "लायनेल नाही. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गेला. हृदय बंद पडलं."

त्याने कपबशी सावकाश खाली गवतावर ठेवली.

"कळवलं नाहीस."

"नाही."

कळवायच्या लोकांची तिने तेव्हा बेचाळीस नावं लिहिली होती. सदतिसावं याचं होतं. तिने ते लिहिलं आणि खोडलं. लायनेलचं भांडण त्याच्या माघारी आपण चालवायचं, त्यातच निष्ठा आहे, असं तिला वाटलं होतं. स्वतःला ती या दोघांपेक्षा शहाणी समजत आली होती. तीस वर्षांत आणखी दीड वर्ष तिने मिळवलं होतं. बस, एवढाच फरक.

"मला वाटलं तुम्हाला नको असेल," ती म्हणाली. हे वाक्य किती भिकार आहे ते बोलतानाच तिला कळलं.

विल्फ गाडीकडे बघत होता. "टाकी नीट रंगवलीय त्यानं," तो म्हणाला. "पट्टा वाकडा गेलाय. वडिलांचा सरळ होता."

मग वारा पडला.

आणि त्या शांततेत तिला तो आवाज ऐकू आला...

टिक.

टिक.

टिक.

तापलेलं इंजिन गार होताना असा आवाज करतं. धातू आकसतो. आधी भराभर, मग विरळ, मग बंद. यात काही नवल नाही. अ‍ॅव्हरिलने सवयीने घड्याळ बघितलं. टिकटिकीत दोन सेकंदांचं अंतर होतं.

पाच मिनिटांनी दोन सेकंदच होतं.

पंधरा मिनिटं झाली. ऊन उतरलं. कालव्यावरून गार वारा सुटला. दोन सेकंद.

तिने वाकून सायलेन्सरला हात लावला. सिलिंडरला लावला.

थंडगार. लोखंडाच्या खांबासारखं थंड.

टिक. टिक. टिक.

"हे तुला ऐकू येतंय?" विल्फने हळूच विचारलं.

"येतंय."

"दर गुरुवारी हे असंच. इंजिन मेल्यावर. मला वाटायचं घड्याळ आहे आतलं." तो एक पाऊल मागे सरला. "तो काय करतोय?"

तिने किक मारायला पाय ठेवला. किक दगडासारखी बसली होती. पूर्ण वजन टाकलं, तरी हलली नाही. कॉकला हात लावायचं धैर्य तिला झालं नाही.

काय करतोय हे तिला माहीत होतं. शपथेवर सांग म्हटलं तर ती सांगणार नाही, वहीतही तिने ते लिहिलेलं नाही. पण माहीत होतं. एकतीस वर्षं तिने या माणसाबरोबर संसार केला होता. दुकानात दाराशी उभा राहायचा, कुणी "या" म्हणेपर्यंत. दवाखान्यात नाव पुकारलं तरी दुसऱ्यांदा पुकारायची वाट बघायचा. सांगितलेलं तेवढं ऐकायचं, अक्षरशः ऐकायचं, आणि नव्याने कुणी काही सांगेपर्यंत जागचं हलायचं नाही. जिवंतपणी तिला त्याच्या या गोष्टीचा सर्वांत जास्त तिटकारा होता.

मेल्यावरही फरक नव्हता.

टॉवेलांशेजारचा तो डबा तिच्या डोळ्यांपुढे आला. दफनभूमी, बाग, समुद्र. एकेक जागा का चुकीची वाटत होती ते तिला एकदम कळलं, आणि कळलं म्हणून तिला स्वतःचाच संताप आला. इतकं सोपं होतं. फक्त माहिती अपुरी होती.

"विल्फ, फाटक उघडा," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. त्याच्या सपाता गवतात ओल्या झाल्या होत्या. पुढे होऊन त्याने फाटकाची फळी धरली, आणि ते आत ओढलं, पार कुंपणाला टेकेपर्यंत.

टिकटिक तशीच चालू होती.

अ‍ॅव्हरिलने हातमोजा खिशात घातला. रस्त्यावर दोन्ही बाजूंना कुणी नव्हतं. तरी ती विल्फकडे वळून बोलली नाही. गाडीच्या रिकाम्या सीटकडे बघून, वर्गात शेवटची ताकीद द्यावी तशा स्वच्छ आवाजात बोलली.

"शनिवारी मी तुला इथे आणतेय, लायनेल. फाटकाच्या आत. कायमचं."